तार आणि साचा एकाच घरचे

वाशीमला समुद्र नाही, तरी ‘दंतुर’ हा शब्द इथल्या पोरांना भूगोलाच्या धड्यातून पाठ असतो: कोकणचा किनारा दंतुर आहे. हा शब्द मात्र किनाऱ्यासाठी जन्मलेला नाही. तो घडला पुढे आलेल्या दातांच्या माणसासाठी, आणि त्याची घडण सांगायला पाणिनीने अष्टाध्यायीत एक वेगळं सूत्र दिलं. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षं हे दात लोकांच्या नजरेत खुपत आले आहेत.

माझी भाची आठवीत आहे. तिचा वरचा सुळा शेजारच्या दाताच्या डोक्यावर चढला होता. अकोल्याला दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी पुढ्यात ठेवल्या: क्लिपा आणि तार, नाहीतर पारदर्शक साच्यांची मालिका, म्हणजे अलाइनर. घरात दोन दिवस खल झाला. तार म्हणजे जुनं आणि साचा म्हणजे नवं, अशीच सगळ्यांची समजूत होती. ती मला पटेना, म्हणून या दोन्हींचं कूळ शोधायला बसले.

मूळ युक्ती फार साधी. दुधाचा दात हटत नसेल तर तो काढावा आणि नवा दात रोज बोटाने जागेकडे ढकलावा, असं रोमच्या सेल्ससने पहिल्या शतकातच सांगितलं होतं. १७२८ साली फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी घोड्याच्या नालाच्या आकाराची, भोकं पाडलेली धातूची पट्टी वर्णन केली. वाकडे दात तिला दोऱ्याने बांधायचे. हे चालतं, कारण दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा तंतूंचा थर असतो. हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड झिजतं आणि मागे नवं भरत येतं. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दाब बोटाचा, तारेचा की प्लॅस्टिकचा, हाडाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

तारेला शास्त्राची शिस्त लावली अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी. त्यांचे एक शिष्य रेमंड बेग, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे. गुरूच्या जाड, चौकोनी तारांऐवजी हलका दाब देणारी, वाकली तरी मूळ आकारात परतणारी लवचीक गोल तार त्यांना हवी होती. आर्थर विल्कॉक या धातुतज्ज्ञाने ती ओढून दिली, जाडीला ०.४ मिलिमीटर. भारतातल्या दंत महाविद्यालयांत पुढे कित्येक वर्षं हीच बेग पद्धत शिकवली गेली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ज्यांनी ‘तार लावली’, त्यांतल्या अनेकांच्या तोंडात ही ॲडलेडची विद्या होती.

आता साचा. इथे मला हवं ते सापडलं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले हॅरोल्ड केसलिंग हे तारवालेच डॉक्टर. उपचार संपत आला की ते रुग्णाच्या दातांची प्लॅस्टरची प्रतिकृती घ्यायचे, बारीक करवतीने एकेक दात कापून सुटा करायचे आणि मेणात पुन्हा बसवायचे, जसे असायला हवेत तसे. त्या मांडणीवरून रबराचा साचा बनायचा. रुग्णाने तो तोंडात धरून चावायचा, म्हणजे राहिलेली थोडी कसर भरून निघायची. १९४५ साली त्यांनी हे मांडलं आणि पुढचंही सांगून ठेवलं: अशा साच्यांची मालिका केली तर दात मोठ्या अंतरानेही हलवता येतील, फक्त आज ते व्यवहारात बसत नाही. याच केसलिंगांनी पुढे बेग पद्धत अमेरिकेत उचलून धरली आणि त्यांचा मुलगा पीटर बेग यांच्या ग्रंथाचा सहलेखक झाला. आपल्याकडची तार आणि आजचा अलाइनर यांची गाठ अशी एकाच घरात पडते.

केसलिंगांची अडचण होती करवत आणि मेण. दर पाव मिलिमीटरला नवी मांडणी हाताने कोण करणार? ते काम संगणकाने केलं. त्याच्याकडून ते करून घेणाऱ्या झिया चिश्ती यांनी मोठेपणी तार लावली होती. ती उतरल्यावर दात जागेवर ठेवणारी पारदर्शक प्लेट वापरताना त्यांना ही मालिका सुचली. १९९७ साली त्यांनी केल्सी वर्थ यांच्यासह अमेरिकेत कंपनी काढली आणि १९९८ साली तिथल्या सरकारने साच्याला परवानगी दिली. त्याच वर्षी, १ जुलैला, अकोल्यातून वेगळा होऊन आमचा वाशीम जिल्हा झाला. दोघंही एकाच वयाचे.

आमच्या घरी शेवटी तार ठरली. पैशांचा प्रश्न होताच, पण खरं कारण वेगळं. साचा दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात हवा. जेवताना काढायचा, चूळ भरून पुन्हा घालायचा, डबीत ठेवून विसरायचा नाही. तार कुणाच्या आठवणीवर अवलंबून नसते. शिवाय फिरलेला सुळा खाली ओढून आणायला तिची पकड चांगली. साच्याची सोय मात्र मी कमी लेखणार नाही: त्याला ऊस, पेरू, फुटाणे वर्ज्य नाहीत. “मावशी, हुरडापण बंद!” असं भाची रडवेल्या तोंडाने म्हणाली, तेव्हा माझाही जीव तुटला.

पहिल्या आठवड्यात तारेचं टोक गालाला टोचायचं. ती आरशासमोर उभी राहून मेणाची ज्वारीएवढी गोळी बोटांत मळायची, क्लिप पुसून कोरडी करायची आणि गोळी त्यावर दाबून बसवायची. आता महिन्याला एसटीने अकोल्याला जाते, तार आवळून येते आणि दोन दिवस खिचडी खाते. सुळा बराच खाली आला आहे. तार उतरली की दात पुन्हा जुन्या जागी पळू नयेत, म्हणून डॉक्टर तिला रात्री घालायला एक पारदर्शक प्लेट देणार आहेत. तिच्यासाठीची निळी डबी भाचीने आत्ताच आणून ठेवली आहे.