वर दिलं आणि सोडून दिलं

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावकडच्या एका शाळेत मागं एकदा मी इंग्रजीचा तास पाहत बसलो होतो. फळ्यावर वाक्य होतं, 'ही गेव्ह अप.' गुरुजींनी एका मुलाला उभं केलं. 'ही' म्हणजे तो, 'गेव्ह' म्हणजे दिलं, 'अप' म्हणजे वर. पोरगं म्हणालं, "त्यानं वर दिलं." वर्ग हसला. 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे, असं गुरुजींनी सांगितलं आणि अशा पन्नास जोड्या पाठ करून आणायला लावल्या.

मधल्या सुट्टीत तो मुलगा मला भेटला. म्हणाला, "सर, इंग्रजीला काही धरबंदच नाही. म्या तर इंग्रजी सोडून दिलं."

आता गंमत पाहा. त्यानं इंग्रजी 'सोडून दिलं'. पण दिलं कुणाला? कुणालाच नाही. या 'दिलं'मध्ये देणं-घेणं काहीच नाही. म्हणजे इंग्रजांनी ज्या क्रियेला 'वर देणे' म्हटलं, तिला आपण 'सोडून देणे' म्हणतो. ज्या गोष्टीमुळं हे पोर इंग्रजीपुढं हरलं, तीच गोष्ट ते आपल्या मायबोलीत श्वास घ्यावा इतक्या सहज करीत होतं. फक्त ते कुणी त्याला सांगितलं नव्हतं. आज मी तेवढंच सांगायला आलो आहे.

इंग्रजीची ही खोड फार जुनी आहे. आरंभीच्या इंग्रजीत असे लहान शब्द बरेचदा क्रियापदाच्या पुढं जोडलेले असत. 'अंडरस्टँड' हा शब्द त्याच जुन्या रीतीचा. 'खाली' आणि 'उभं राहणे' मिळून 'समजणे' हा अर्थ झाला. पुढं उत्तरेकडून समुद्रावरून आलेल्या लोकांची बोली इंग्लंडात मिसळली, मग 1066 साली नॉर्मन राजा आला आणि दरबारात फ्रेंच बसली. या उलथापालथीत जुने उपसर्ग मागं पडत गेले, आणि अप, डाउन, ऑफ, आउट हे शब्द क्रियापदाच्या मागं सुटे उभे राहू लागले. पीटरबरो इथल्या मठात 1154 पर्यंतची जी बखर लिहिली गेली, तिच्यात 'गिव्ह अप'चं जुनं रूप किल्ले स्वाधीन करण्याच्या अर्थानं आलेलं आहे. 1755 साली सॅम्युअल जॉन्सन यांनी आपला मोठा कोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी कबूल केलं आहे की, परक्या माणसाला आमच्या भाषेत सर्वांत जड जातं ते हेच. याला 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रूढ झालं ते तर फार उशिरा, लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या 1925 सालच्या पुस्तकापासून. म्हणजे लोक बोलत आले आठशे वर्षं आणि बारसं झालं विसाव्या शतकात!

आता आपल्या घराकडं वळू. आपली जुनी भाषाही याच वाटेनं गेली आहे. संस्कृतात 'हृ' हा एकच धातू. पुढं उपसर्ग बदलला की प्रहार, आहार, विहार, संहार असे वेगवेगळे अर्थ. पाणिनींनी नियम सांगितला की उपसर्ग धातूच्या आधी यावा. पण लगेच जोडून सांगितलं की वेदात तो धातूच्या नंतरही येतो, आणि दोघांच्या मध्ये दुसरे शब्दही येतात. म्हणजे वेदांच्या काळी आपले उपसर्ग इंग्रजीतल्या 'अप'-'ऑफ'सारखेच मोकळे फिरत होते.

पुढं हे उपसर्ग शब्दात विरघळून गेले. 'उठणे' यात 'उत्' आणि 'स्था' आहेत, 'बसणे' यात 'उप' आणि 'विश्' आहेत. आज शेतात बसलेल्या माणसाला त्यातला 'उप' कुठं दिसतो? जुनं अवजार झिजलं की शेतकरी नवं घडवतो. मराठीनं उपसर्गाऐवजी दुसरं क्रियापदच हाताशी घेतलं. टाकणे, देणे, घेणे, जाणे, बसणे ही ती साधी घरची क्रियापदं. 'विकलं' म्हणजे व्यवहार झाला. 'विकून टाकलं' म्हटलं की पाठीमागचा वैताग ऐकू येतो. 'लिहून घे' म्हणजे स्वतःसाठी, 'लिहून दे' म्हणजे दुसऱ्यासाठी. 'बोललो' यात काही नाही, 'बोलून बसलो' यात पश्चात्ताप आहे.

आणि ही युक्ती एकट्या मराठीची नव्हे. नायगावच्या पूर्वेला बिलोली-धर्माबाद ओलांडलं की तेलंगण लागतो, दक्षिणेला देगलूरच्या पुढं कर्नाटक. आपण 'करून टाक' म्हणतो, तेव्हा तेलुगू बोलणारा 'चेसेय्' म्हणतो. त्यात 'चेसि' म्हणजे करून, आणि पुढं टाकण्याचं क्रियापद. कानडीत 'माडिबिडु', म्हणजे करून सोड. आणि 1948 पूर्वी, निजामी अमलात, आपल्या वाडवडिलांच्या शाळेत जी उर्दू होती तिच्यात 'कर डालो'. वेगवेगळ्या कुळांच्या या भाषा शेजारी नांदल्या आणि त्यांची राहणी सारखी झाली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1956 साली भारत हा एक 'भाषिक प्रदेश' आहे असं मांडलं, ते अशाच साम्यांकडं बोट दाखवून. आठवडी बाजारात तीन भाषा ऐकणाऱ्या आपल्या माणसाला ते आधीच ठाऊक होतं. त्यानं लिहून ठेवलं नव्हतं, एवढंच.

आता शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी एक कसोटी सांगतो. दोन शब्द मिळून एक क्रिया झाली आहे की नाही, हे ओळखायचं कसं? मध्ये एखादं क्रियाविशेषण घालून पाहायचं. 'मडकं फोडून टाक.' ही एक क्रिया. आता मध्ये 'लांब' घाला: 'मडकं फोडून लांब टाक.' लगेच कामं दोन झाली, आधी फोडायचं, मग खापऱ्या लांब फेकायच्या. 'झटकन' घालायचं तर ते आधी येतं: 'झटकन फोडून टाक.' जोडीच्या मध्ये शिरायला मोकळीक आहे ती 'च' आणि 'ही' यांच्यासारख्या चिमुकल्यांना: 'फोडूनच टाकलं', 'विकूनही टाकलं.'

इंग्रजीतही असंच घडतं. 'कम राइट इन' म्हणजे थेट आत ये. इथं 'कम' आणि 'इन' आपापला अर्थ राखून आहेत, म्हणून 'राइट' मध्ये बसतो. पण 'झटकन नाद सोडला' म्हणताना 'गेव्ह क्विकली अप' होत नाही; 'क्विकली गेव्ह अप' असंच म्हणावं लागतं. जोडीचा संसार एक झाला की मध्ये तिसऱ्याला जागा नाही. नवराबायकोच्या भांडणात पडू नये म्हणतात, तसंच हे!

शाळेत आपण वाक्य फोडून एकेका शब्दाचं व्याकरण चालवायला लावतो. रीत चांगली आहे, पण तिनं मुलाला वाटतं की प्रत्येक शब्द एकटाच राहतो. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणून यादी देण्याआधी एक तास मराठीचा घ्यावा. मुलांनी घरून दहा वाक्यं ऐकून आणावीत. आई म्हणते 'जेवून घे', आजा म्हणतो 'बैल विकून टाकला'. त्यातलं 'घे' काय घेतं, 'टाकला' काय टाकतो, हे विचारावं. मुलं हसतील, पण ते हसणं कुणा एकाला नसेल. मग फळ्यावर 'गिव्ह अप' लिहावं.

शब्दही परके नाहीत. दवाखान्यात चेकअप होतं, एसटीचा ब्रेकडाउन होतो, भाजी पिकअपमधून जाते, आणि 2020 साली लॉकडाउन कुणाच्या घरात शिरला नाही? खुद्द गुरुजी रोज नांदेडहून 'अपडाउन' करतात! आणि आपली बोली तर याहून पुढं गेली आहे. 'काय करू लागला आहेस' या लांब वाक्याचं इकडं 'काय करूलालास' झालं. दोन क्रियापदं इतकी जवळ आली की सांधाही दिसेना. या बोलीला गावंढळ म्हणून हसणाऱ्यानं ध्यानात घ्यावं की, भाषा अशीच घडत असते.

त्या मुलाला मी त्या दिवशी एवढंच विचारलं, "तू इंग्रजी सोडून दिलंस, तर दिलंस कुणाला?" तो गप्प राहिला. मग हसला. म्हणाला, "मंजी सर, आपलं बी तसंच आहे की!"

श्रोतेहो, एवढं त्याच्या ध्यानात आलं, आता बाकीच्या जोड्या त्याला जड जायच्या नाहीत.