कॅम्पर ट्रेलर ओढायला कोणती गाडी? आधी वजन आणि ब्रेक, मग अ‍ॅव्हरेज

नागपुरात ‘कॅम्पर’ म्हटले की 20 लिटरचा पाण्याचा जार आठवतो. इथे मात्र आपण गाडीमागे जोडायच्या फिरत्या घराबद्दल, म्हणजे कॅम्पर ट्रेलरबद्दल बोलत आहोत. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, तेव्हापासून अशा प्रवासाची चर्चा वाढली. पेंच, ताडोबा, चिखलदरा ही ठिकाणे तर नागपूरकरांच्या हाताशीच. मग प्रश्न येतो: ओढायला गाडी कोणती घ्यावी आणि ती अ‍ॅव्हरेज किती देईल?

कंपनीचा आकडा का उपयोगी पडत नाही?

जाहिरातीतला मायलेजचा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांच्या चाचणीतून येतो. ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते आणि तिच्यात वेग 90 किमीच्या पुढे जात नाही. मागे ट्रेलर नसतो, समोरून वारा नसतो, घाटही नसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एकटी असताना लिटरला 14 किमी देणारी गाडी कॅम्पर जोडल्यावर 9 किमी देते. नागपूर ते चिखलदरा जाऊन-येऊन सुमारे 460 किमी होतात. एरवी 33 लिटर डिझेल लागले असते, आता 51 लिटर लागेल.

इंधन नेमके कुठे जाते?

बहुतेकांना वाटते, घाटात. पण हिशेब वेगळा आहे. नागपूरपेक्षा चिखलदरा सुमारे 800 मीटर उंच आहे. एक टन वजन तेवढे वर न्यायला ढोबळमानाने पाऊण लिटर डिझेल पुरते.

खरा खर्च सपाट रस्त्यावर होतो, आणि तो हवेमुळे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 ने गेलात तर हा विरोध दीडपटीहून जास्त होतो, 120 ने गेलात तर सव्वादोन पट. समृद्धी महामार्गावर कारला 120 ची मर्यादा आहे म्हणून मागे कॅम्पर असताना तो वेग गाठू नका. 80 च्या आसपास राहिलात तर इंधन वाचते आणि ट्रेलर डोलण्याचा धोकाही कमी होतो. छत खाली घेता येणारा, घडीचा कॅम्पर उंच डब्यापेक्षा कमी इंधन खातो, तोही याच कारणाने.

घाटात खरी परीक्षा उतरताना

चढताना जी ऊर्जा लागली, ती उतरताना कुठेतरी जिरवावी लागते. एक टनाच्या कॅम्परची ही ऊर्जा 20 लिटर पाणी उकळायला पुरेल इतकी असते. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ते तापून पकड सोडतात. म्हणून उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनला वेग रोखू द्यावा. युरोपात 750 किलोवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. आपल्याकडेही त्याहून जड कॅम्पर घेताना त्याला ब्रेक आहेत ना, हे आधी पाहा.

वजनाचा हिशेब

- कॅम्पर रिकामा नव्हे, भरलेला मोजा. 60 लिटर पाणी म्हणजे 60 किलो. शिवाय गॅस सिलिंडर, बॅटरी, गाद्या, भांडी.
- नवख्या चालकाने भरलेल्या कॅम्परचे वजन गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावे, असा सल्ला ब्रिटनमध्ये दिला जातो. गाडी 1,900 किलोची असेल, तर कॅम्पर सुमारे 1,600 किलोपर्यंत.
- कंपनीने दिलेली ओढण्याची मर्यादा याहून कमी असेल, तर तीच पाळा. ती शोरूममध्ये तोंडी विचारू नका, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वाचा. परदेशातल्या मॉडेलचा आकडा इथल्या गाडीला लावू नका.

इंजिन कोणते?

ओढायला कमी आरपीएमवर मिळणारा टॉर्क लागतो. त्यात डिझेल पुढे आहे. टोयोटा हायलक्सचे 2.8 लिटर इंजिन मॅन्युअलमध्ये 420, तर ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन-मीटर टॉर्क देते. इसुझू व्ही-क्रॉसचे 1.9 लिटर इंजिन 360 देते. छोट्या इंजिनाला सतत दामटावे लागले तर त्याचे चांगले अ‍ॅव्हरेज कागदावरच राहते. नागपूरच्या मे महिन्यात एसी चालू ठेवून ओढायचे असेल, तर इंजिन थंड ठेवणारी यंत्रणाही धडधाकट हवी.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा 1988 नुसार ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते. गाडीला टो-हिच बसवण्याआधी आरटीओत चौकशी करा, कारण गाडीतले बदल कायद्याच्या कक्षेत येतात. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

मग ठरवायचे कसे?

वर्षातले किती दिवस ओढणार, हे आधी मोजा. 10-15 दिवसांसाठी मोठी गाडी घेतली, तर उरलेले साडेअकरा महिने ती सीताबर्डीच्या गर्दीत जास्त डिझेल पीत राहील. अशा वेळी गाडी मोठी करण्यापेक्षा कॅम्पर छोटा करणे शहाणपणाचे. महिन्यातून दोनदा बाहेर पडणारे कुटुंब असेल, तर दमदार डिझेल गाडी घेण्यात अर्थ आहे. दोन्हीकडे क्रम एकच: आधी कॅम्पर, मग त्याचे भरलेले वजन, मग गाडी.