विसरून लिहिलेला निबंध

मराठीच्या पेपरात आपल्याला सारांशलेखन असायचे आणि मुद्द्यांवरून गोष्टही. दोन्हींना गुण थोडे. निबंधाला जास्त, म्हणून तो आपण पाठ करून जायचो. हे तिन्ही प्रश्न एकमेकांची सख्खी भावंडे आहेत, हे मला शाळा सुटून वीसेक वर्षांनी कळले, तेही बॉस्टनच्या छापखान्यातल्या एका पोरामुळे.

बेंजामिन फ्रँकलिनचा जन्म १७०६ चा. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. सतरा भावंडांत हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षे, त्यातही गणितात नापास (आपल्या वर्गातल्या काही जणांना हे वाचून बरे वाटेल). दहाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली आणि बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार. पुस्तकांच्या दुकानांत काम करणाऱ्या पोरांशी त्याने दोस्ती केली. संध्याकाळी पुस्तक आणायचे, बरीचशी रात्र जागून वाचायचे आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी सकाळी परत करायचे.

त्याचा एक मित्र होता, जॉन कॉलिन्स. मुलींनी शिकावे की नाही यावर दोघांची पत्रापत्री चालली. मुलींना ते झेपणारच नाही, असे कॉलिन्सचे म्हणणे. फ्रँकलिन मुलींच्या बाजूने, थोडा वादाच्या हौसेनेही. ती पत्रे वडिलांच्या हाती लागली. कोण बरोबर यात ते पडले नाहीत. तुझे शुद्धलेखन आणि विरामचिन्हे चांगली आहेत, पण मांडणीत, सफाईत आणि स्पष्टपणात तू मित्राच्या मागे आहेस, असे त्यांनी पत्रांतली उदाहरणे दाखवून सांगितले. शुद्धलेखन ही छापखान्याची कृपा होती. बाकीचे त्याला स्वतः मिळवायचे होते.

त्याच सुमारास ‘स्पेक्टेटर’चा एक सुटा खंड, तिसरा, त्याच्या हाती आला. ॲडिसन आणि स्टील यांचे हे लंडनचे पत्र १७११-१२ मध्ये निघत होते, रोज एक निबंध. फ्रँकलिनला ते लेखन फार आवडले. आपल्यासारखा असता तर त्याने पाठ केले असते. त्याने वेगळेच केले. निबंध वाचताना प्रत्येक वाक्यातल्या विचाराची दोन-चार शब्दांत टिपणे काढली आणि कागद काही दिवस बाजूला ठेवला. मग पुस्तक न उघडता, नुसत्या टिपणांवरून, तो निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहिला. शेवटी मूळ लेख शेजारी ठेवून चुका शोधल्या आणि दुरुस्त केल्या. म्हणजे आधी सारांशलेखन, नंतर मुद्द्यांवरून लेखन!

शब्द अपुरे पडतात असे दिसल्यावर काही गोष्टी त्याने पद्यात केल्या, कारण वृत्त आणि यमक जमवायला एकाच अर्थाचे निरनिराळे शब्द शोधावेच लागतात. मूळ गद्य विसरले की त्या पद्याचे पुन्हा गद्य. कधी टिपणांचा क्रम मुद्दाम विस्कटून टाकायचा आणि काही आठवड्यांनी ती नीट लावायची. त्यातून मांडणी शिकला. हे सगळे कामाआधी, कामानंतर रात्री किंवा रविवारी.

या सगळ्यात मला महत्त्वाचे वाटतात ते मधले रिकामे दिवस. परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्याला सगळ्यात भीती कसली, तर विसरण्याची. हा गडी मुद्दाम विसरायला वेळ देत होता. मूळ वाक्य डोक्यातून गेल्याशिवाय स्वतःचे येणार कसे? दोन फायली शेजारी ठेवून त्यांतला फरक बघणे हे माझे रोजचे काम. पण त्यातली एक फाईल आपण आठवणीतून लिहायची, हे कधी सुचले नव्हते.

१७२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने भावाच्या वर्तमानपत्राच्या दाराखालून रात्री एक निनावी लेख सरकवला. लेखिका म्हणून नाव घेतले सायलेन्स डूगुड, एक मध्यमवयीन विधवा. भावाच्या मित्रांनी लेखकाचे अंदाज बांधले ते सगळे गावातल्या विद्वानांचे. अशी चौदा पत्रे छापून आली. पहिल्याच पत्रात लेखक कोण हे कळल्याशिवाय लोक धड स्तुती किंवा निंदा करत नाहीत, असा चिमटा आहे. ‘स्पेक्टेटर’च्या पहिल्या अंकाची सुरुवातही जवळपास याच विचाराने होते. टिपणे कामी आली होती. पाचव्या पत्रात तर ही ‘बाई’ स्त्रियांच्या शिक्षणाची बाजू मांडते.

आता एक कबुली. नववीत निबंधाचे पहिले बक्षीस मला मिळाले, ते आठवते? ‘पावसाळ्यातील एक दिवस’. तो निबंध गाईडमधला होता, अक्षरशः. आज त्यातले एक वाक्यही मला आठवत नाही. दुसरे बक्षीस माझ्या मागच्या बाकावरच्या मैत्रिणीला होते. तिचा निबंध बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता. गळके घर, पातेल्यांत पडणाऱ्या थेंबांचे वेगवेगळे आवाज, पातेली कमी पडली म्हणून आजीने लावलेला पितळी डबा. गेल्या जूनमध्ये मी त्याची आठवतील तेवढी टिपणे काढली, आठवडाभर ठेवली आणि निबंध लिहून काढला. दीड पान झाले. शेवट काही केल्या आठवत नाही.

ती वही तिच्याकडे अजून असेल, तर मेळाव्याला घेऊन ये म्हणावे. मला ताडून बघायचे आहे.