कफार एत्झियोन

कफार एत्झियोन : जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील वादग्रस्त प्रदेशातील एक लहान ज्यू वसाहत (किबुत्झ). जेरूसलेमहून हेब्रनला जाणाऱ्या मार्गालगतच्या डोंगराळ भागात ती वसलेली आहे. जमीन, श्रम व उत्पन्न सामाईक ठेवणारी बहुतेक किबुत्झ गावे धर्मनिरपेक्ष समाजवाद्यांनी उभारली. हे मात्र धर्मनिष्ठांनी.

या परिसरात वस्तीचे दोन प्रयत्न आधी झाले होते. पहिला (१९२७) १९२९ च्या दंगलींमुळे, तर दुसरा १९३६ पासूनच्या अरब उठावामुळे सोडून द्यावा लागला. दुसऱ्याचा प्रवर्तक होल्ट्समान याच्या नावातील जर्मन ‘होल्ट्स’ (लाकूड) या शब्दाच्या हिब्रू प्रतिशब्दावरून गावास नाव पडले. १९४३ मध्ये मुख्यतः पोलंडहून आलेल्या तरुणांनी येथे किबुत्झ स्थापिला. १९४७ पर्यंत शेजारी अशीच आणखी तीन गावे वसली.

संयुक्त राष्ट्रांच्या फाळणी-ठरावाने (२९ नोव्हेंबर १९४७) हा भाग नियोजित अरब राज्यास दिला. सभोवार अरब वस्ती असलेली ही गावे त्यामुळे एकाकी पडली. तथापि हेब्रनचा रस्ता त्यांच्या माऱ्याच्या टप्प्यात असल्याने त्यांना लष्करी महत्त्व होते. जानेवारी १९४८ मध्ये माता व मुले जेरूसलेमला हलविण्यात आली. त्याच महिन्यात मदतीस निघालेली पस्तीस जणांची तुकडी वाटेत मारली गेली. १३ मे रोजी अरब लीजन व आसपासचे सशस्त्र गावकरी यांच्यापुढे गाव पडले आणि शरण आलेल्या रक्षकांची कत्तल झाली. केवळ चौघे वाचले. दुसऱ्या दिवशी उरलेली तीन गावे शरण गेली. त्यांतील लोक युद्धकैदी झाले व सुटकेनंतर इझ्राएलमध्ये अन्यत्र स्थायिक झाले. पुढे १९६७ पर्यंत हा प्रदेश जॉर्डनकडे होता.

जून १९६७ च्या युद्धात इझ्राएलने तो जिंकल्यावर मृतांच्या मुलांनी परतीची मागणी केली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या शासनाने ती सप्टेंबरमध्ये मान्य केली. व्याप्त प्रदेशात नागरी वसाहत केल्यास १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराचा भंग होईल, असा स्पष्ट अभिप्राय परराष्ट्र मंत्रालयाचे विधी सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी तत्पूर्वीच दिला होता. म्हणून वसाहतीस लष्करी ठाण्याचे रूप देण्यात आले. पश्चिम तीरावरील इझ्राएली वसाहतींत ही पहिली होय. येथे उभे राहिलेले प्रश्न पुढे शेकडो वसाहतींबाबत उद्भवले. पूर्वजांच्या घरी परतण्याचा युक्तिवाद भावनिक दृष्ट्या प्रबळ असला, तरी १९४८ मध्ये घरेदारे गमावलेले लक्षावधी पॅलेस्टिनी निर्वासितही तोच करतात. त्यांना मात्र परत येऊ दिलेले नाही.

१९७४ मध्ये वसाहतवादी ‘गुश एमुनिम’ चळवळीची स्थापना याच गावी झाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २००४ व जुलै २०२४ मधील सल्लादर्शक मतांत व्याप्त प्रदेशातील वसाहती बेकायदेशीर ठरविल्या. इझ्राएलला हे मत अमान्य आहे.