तळघरांतील बेगमी



मृगाच्या आधीं लांकूडफांटा, गोवऱ्या, डाळी-तांदूळ घरांत भरून ठेवण्यास आपण पावसाळ्याची बेगमी म्हणतों. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत, म्हणजे न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, मेन या संस्थानांत, अशीच बेगमी हिवाळ्यासाठीं करावी लागते. तिकडे पारा कधीं कधीं फॅरनहाइटच्या शून्याखालींहि उतरतो. घर तापविलें नाहीं तर आधीं नळांतील पाणी गोठून नळ फुटतात, आणि मग माणसांची पाळी येते. आपल्यांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें आज बोस्टनला किंवा न्यूजर्सींत नांदत आहेत. "तळघरांत तेलाची टाकी आहे," हें त्यांच्या तोंडचें वाक्य आपण ऐकलें असेल. त्या देशांत सुमारें ५० लक्ष घरें तेलावर तापतात, आणि त्यांतलीं पांचांपैकीं चार ह्या एका कोपऱ्यांत आहेत. मेनमध्यें तर निम्म्याहून अधिक घरें तेलावर विसंबून आहेत. ती टाकी तेथें कशी आली, आणि तिनें घरधन्यास निश्चिंत केलें काय, हें आज सांगावयाचें आहे.

तेलापूर्वीं त्या तळघरांत कोळसा होता. पेन्सिल्व्हेनियाच्या ईशान्य भागांत, जेमतेम ५०० चौरस मैलांच्या टापूंत, अँथ्रासाइट नांवाचा कठीण, धूर न करणारा कोळसा सांपडतो. लक्षावधि कुटुंबांची ऊब या एवढ्याशा टापूवर अवलंबून होती. १९०२ सालच्या मे महिन्यांत तेथील सुमारें दीड लक्ष खाणकामगारांनीं संप पुकारला. उन्हाळ्यांत कोणाला कांहीं वाटलें नाहीं. परंतु ऑक्टोबर उजाडला तेव्हां पांच-साडेपांच डॉलरांस मिळणारा टन वीस डॉलरांच्या वर गेला होता, आणि शहरांतील गरीब वस्त्यांत कोळसा बादलीनें विकत घेणारांचे हाल सुरू झाले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं ३ ऑक्टोबर रोजीं खाणमालक व कामगारांचे पुढारी जॉन मिचेल यांना समोरासमोर बसविलें. मालक हटून बसले. तेव्हां रूझवेल्ट यांनीं लष्कराकडून खाणी चालविण्याची तयारी केली. अखेर जे. पी. मॉर्गन या सावकाराच्या मध्यस्थीनें तडजोड निघून २३ ऑक्टोबरला कामगार परत खाणींत उतरले. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत लढाया असतात, कोळशाच्या वखारी नसतात. पण त्या महिन्यांत त्या देशाच्या राज्यकर्त्यांना वखारीइतकी धास्ती दुसऱ्या कशाचीच नव्हती.

तेलाची खरी संधि पुढें आली. १९२२ सालीं पुन्हां संप झाला. आणि १ सप्टेंबर १९२५ ला सुरू झालेला संप तर फेब्रुवारी १९२६ पर्यंत, म्हणजे ऐन हिवाळाभर, चालला. त्यानंतर अनेक गिऱ्हाइकें अँथ्रासाइटकडे परत फिरकलींच नाहींत. त्याच सुमारास तेल जाळणारें घरगुती यंत्र बाजारांत आलें होतें. त्याची युक्ति सोपी आहे. घासलेटाहून थोडें जड, डिझेलचें सख्खें भावंड म्हणावें असें तेल एक लहानसा पंप दाबानें बारीक तोटींतून सोडतो. त्याचें धुकें होतें. पंखा त्यांत हवा मिसळतो, आणि विजेची ठिणगी तें पेटविते. भिंतीवर थर्मोस्टॅट असतो. खोली थंड झाली कीं तो यंत्र चालू करतो, ऊब आली कीं बंद करतो. पहाटे तळघरांत उतरून फावड्यानें कोळसा घालणें संपलें, राखेच्या बादल्या वाहणें संपलें. ही सुटका मुख्यतः गृहिणीची होती, हें जाहिरातदारांनीं बरोबर ओळखलें. जो संपाला कंटाळला होता त्यानें टाकी बसविली आणि आपण आतां कोणाचे मिंधे नाहीं असें मानलें.

पण मिंधेपण केवळ दूर सरकलें होतें. पेन्सिल्व्हेनियाचा कोळसा शेजारचा; तेल येई टेक्सासकडून, समुद्रमार्गें. शाळेंत भूगोल शिकवितांना मी मुलांना नकाशावर बोट फिरवावयास सांगत असें, तसें श्रोत्यांनींहि मनांत करावें: मेक्सिकोच्या आखातांतून फ्लोरिडाला वळसा, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेस न्यूयॉर्क, बोस्टन. पूर्व किनाऱ्याचें सुमारें ९५ टक्के तेल ह्याच वाटेनें जहाजांतून येत असे. जानेवारी १९४२ मध्यें जर्मन पाणबुड्या त्या वाटेवर येऊन दबा धरून बसल्या. १४ जानेवारीस नॉरनेस हें तेलवाहू जहाज लाँग आयलंडजवळ बुडालें, आणि मग रांगच लागली. किनाऱ्यावरील शहरांचे दिवे मालवलेले नव्हते. त्या उजेडापुढें जहाजांच्या काळ्या आकृति स्पष्ट दिसत आणि पाणबुड्यांना नेम धरणें सोपें जाई.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरांत घरगुती तेलावर शिधापत्रिका आली. घराचें क्षेत्रफळ आणि गांवाचें हवामान पाहून वांटा ठरे. घर ६५ अंशांवर ठेवावें असा हिशेब होता. ज्यांना शक्य असेल त्यांनीं भट्टींत पुन्हां कोळशाच्या जाळ्या बसवाव्यात, असें सरकारनेंच सांगितलें. ज्या कोळशापासून सुटका म्हणून टाकी घेतली, त्याच्याकडेच परतावयाचें! शिवाय १९४३ च्या मे महिन्यांत कोळशाच्या खाणींतहि संप झाला. इकडे ऑगस्ट १९४२ मध्यें टेक्सासमधील लाँगव्ह्यूपासून पूर्वेकडे २४ इंच व्यासाचा नळ टाकण्यास सुरवात झाली होती. सुमारें साडेबाराशें मैलांचें तें काम एका वर्षांत तडीस गेलें, आणि पाणबुड्यांची ती धास्ती संपली. माझ्या मतें त्या युद्धांतील मोठ्या पराक्रमांत या नळाची गणना व्हावयास हवी, जरी त्याच्या नांवें कोठें पोवाडा झाला नाहीं.

१९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं अमेरिकेस तेल देणें थांबविलें. तीन डॉलरांच्या आसपास असलेलें पिंप जानेवारी १९७४ पर्यंत जवळजवळ बारांवर गेलें. ७ नोव्हेंबरच्या भाषणांत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं घरें सरासरी ६८ अंशांवर ठेवण्याचें आवाहन केलें. पुढें १९७९ ची इराणी राज्यक्रांति आली. १९७३ सालीं घरपोंच तेल गॅलनला २५ सेंटांच्या आंत मिळे, तें १९८१ मध्यें एका डॉलरच्या वर गेलें. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांना अन्न घ्यावें कीं तेल, असा प्रश्न पडूं लागला. तेव्हां १९७६ सालीं गरिबांच्या घरांच्या फटी बुजविण्याची व भिंतींना अस्तर लावून देण्याची सरकारी योजना निघाली, आणि १९८१ सालीं इंधनाच्या बिलास मदत देणारी दुसरी. यांतली पहिली मला अधिक शहाणपणाची वाटते; बिलाची मदत हिवाळ्याबरोबर जळून जाते, अस्तर मात्र पुढच्या हिवाळ्यालाहि तेथेंच असतें.

येथें थोडें गणित करूं या. तेलाच्या धंद्यांत अंश-दिवस नांवाचें एक माप आहे. दिवसाचें सरासरी तपमान ६५ अंशांहून जितकें खालीं, तितके त्या दिवसाचे अंश-दिवस. सरासरी ४० असेल तर २५ झाले. एखादें घर पांच अंश-दिवसांमागें एक गॅलन जाळीत असेल, तर त्या दिवशीं पांच गॅलन गेले. २७५ गॅलनची नेहमींची टाकी, तिच्यांत वापरावयास मिळणारे अडीचशें धरले, तर ५० दिवस पुरतील. पण सरासरी २० वर उतरली, तर रोज नऊ गॅलन लागतील आणि तीच टाकी २८ दिवसहि टिकणार नाहीं. दुकानदार हा हिशेब प्रत्येक घराच्या नांवें ठेवतो आणि न बोलावतां गाडी पाठवितो. टाकी भरतांना आंतली हवा बाहेर पडून शीळ वाजते. शीळ थांबली कीं टाकी भरली, हें गाडीवान बाहेर उभ्या उभ्या ओळखतो. आतां घरधन्याच्या हातीं काय? ४० अंशांच्या दिवसांत घर पांच अंशांनीं थंड ठेवलें, तर २५ चे २० होतात. तेल सुमारें पांचव्या हिश्शानें वांचतें. फटी बुजविल्या तर पांचाऐवजीं सहा-सात अंश-दिवसांस एक गॅलन पुरूं लागतो, आणि अंगावर लोकरी बंडी न चढवितांहि बचत होते.

भावाचें मात्र असें सरळ गणित नाहीं. जानेवारी २००० च्या मध्यास गॅलन सुमारें १ डॉलर २० सेंटांस होता, तो तीन आठवड्यांत दोन डॉलरांच्या जवळ गेला. साठे आधींच रोडावले होते आणि त्यांत कडाक्याची थंडी पडली. त्याच वर्षीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें ईशान्येसाठीं २० लक्ष पिंपांचा राखीव सांठा करण्यांत आला. उन्हाळ्यांतच भाव बांधून घेण्याची रीतहि रूढ आहे. ती बहुधा लाभते, पण वायदा हा वायदाच. २००८ च्या उन्हाळ्यांत चार डॉलरांच्या वर ज्यांनीं भाव बांधला, त्यांना डिसेंबरांत शेजारी अडीच डॉलरांच्या आसपास तेल घेतांना पाहावें लागलें.

आणि टाकी भरलेली असूनहि घर गार पडूं शकतें. जानेवारी १९९८ मध्यें मेन व आसपासच्या प्रदेशांत पाऊस पडतां पडतां गोठला. तारा बर्फाच्या भारानें तुटल्या, खांब मोडले. मेनमधील निम्म्याहून अधिक लोकांची वीज गेली, कित्येकांची दोन आठवडे. तेल होतें, पण पंप, पंखा, ठिणगी सारें विजेचें! त्या दिवसांत ज्यांच्याकडे आजोबांच्या वेळची लांकडाची शेगडी होती, त्यांच्याकडे शेजारीपाजारी मुक्कामास गेले.

२०१९ सालीं मेनच्या सरकारनें बाहेरच्या हवेंतली उष्णता ओढून घरांत आणणारीं एक लक्ष विजेचीं यंत्रें २०२५ पर्यंत बसविण्याचा संकल्प केला, आणि तो २०२३ मध्येंच पुरा झाला. तीं यंत्रेंहि तारेवरच चालतात. आणि तीं घेतलेल्या अनेकांनीं तळघरांतील टाकी अद्यापि काढलेली नाहीं.