कार इन्शुरन्सची कंपनी बदलली तर 'नो क्लेम बोनस' जातो का?

नाही. नो क्लेम बोनस म्हणजेच एनसीबी हा गाडीमालकाचा असतो, कंपनीचा नव्हे. त्यामुळे रिन्यूअलच्या वेळी कंपनी बदलली तरी तो सोबत येतो. वर्षभर क्लेम न घेतल्यास 20 टक्के आणि सलग 5 वर्षं न घेतल्यास 50 टक्के सूट मिळते. मात्र ही सूट फक्त 'ओन डॅमेज', म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असते.

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. जून 2022 च्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारसाठी सगळ्याच कंपन्या 3416 रुपये घेतात. त्यामुळे तुलना करायची ती ओन डॅमेजच्या रकमेची.

तुलना करताना गाडीची विमा रक्कम, म्हणजे आयडीव्ही, सारखीच ठेवा. ती कमी केली की प्रीमियम स्वस्त दिसतो, पण गाडी चोरीला गेल्यास पैसेही कमीच हातात येतात.

आधी क्लेम घेतला असेल तर लपवू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करू शकते आणि चुकीची माहिती आढळल्यास पुढचा क्लेम अडकू शकतो.

जुनी पॉलिसी संपण्याआधीच नवी घ्या. मधल्या काळात अपघात झाला तर भरपाई नाही, आणि 90 दिवस उलटले तर साठवलेला एनसीबीही शून्यावर येतो.