खोगिराचा टाका

बायकांच्या हातातली कातडी पिशवी हा काय इतिहासाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. परंतु जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या एका लिलावात अशीच एक पिशवी, वापरून पार झिजलेली, ८६ लाख युरोंना विकली गेली. एर्मेस या पेढीने १९८४ साली जेन बर्किन या नटीच्या नावाने जो घाट काढला, त्याची ती मूळ प्रत. तसल्या घाटाची पिशवी घरच्या घरी शिवू पाहणारे हौशी लोकही आज पुष्कळ आहेत. त्यांना ती साधते का? आणि साधत असेल, तर लाखांची किंमत कशाची?

आधी पिशवीचा जन्म पाहू. अठराव्या शतकात युरोपातल्या स्त्रिया घोळदार झग्याच्या आत कमरेला खिसे बांधीत. शतकाच्या अखेरीस तलम मलमलीचे, अंगालगत उतरणारे झगे आले. आत खिसा बांधला की तो वरून दिसू लागला. मग खिसा बाहेर पडला आणि हातात आला. आपल्याकडे चंची, बटवा आणि लुगड्याचे केळे यांवर भागत असे, हे आपण जाणतोच.

पण ती पिशवी कापडाची होती, नाजूक होती. कातड्याची भक्कम पिशवी आली ती तबेल्यातून. थिएरी एर्मेस याने १८३७ साली पॅरिसमध्ये दुकान काढले ते घोड्यांच्या साजाचे. त्याचे भांडवल म्हणजे एक टाका. मेण लावलेला लिननचा एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचे, त्याच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या आणि दोन्ही हातांनी सारख्या जोराने ओढायच्या. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. खोगिराच्या टाक्यात एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. ही भक्कम शिवण श्रीमंतीच्या हौसेतून आलेली नाही. भरधाव घोड्यावर पट्टा तुटला तर स्वाराची मान मोडेल, या भीतीतून ती आली.

मोटार आली आणि घोडा गेला. थिएरीचा नातू एमिल-मॉरिस याने पहिल्या महायुद्धाच्या काळात उत्तर अमेरिकेत मोटारीच्या टपाला लावलेली सरकती चेन पाहिली आणि ती फ्रान्समध्ये आणली. खोगिराचा टाका प्रवासी सामानावर आणि हातपिशवीवर चालू लागला. १९५६ साली ग्रेस केली हिचे तसली पिशवी हाती घेतलेले छायाचित्र गाजले, आणि पुढे १९७७ मध्ये पिशवीला तिचे नावच मिळाले. नाव नटीचे आणि पेढीचे; टाका मात्र तोच, साज शिवणाऱ्याचा.

आता आपल्या घरी येऊ. जीन शिवणारे ते जीनगर. जातीचे नावच मुळी धंद्यावरून पडलेले. मराठ्यांची सारी दौड घोड्यावर, म्हणजे जीनगराच्या टाक्यावर चालली. १८१८ साली पेशवाई बुडाली, सरदारांची घोडदळे मोडली. पुण्याचे जीनगर पुस्तकबांधणीत, धातुकामात, मातीच्या खेळण्यांत शिरले. हात कसबी होता म्हणूनच इतके धंदे पेलले. पण खोगिराची पिशवी इथे झाली नाही. ती का झाली नाही?

पहिले कारण उघड आहे. पॅरिसच्या कारागिराच्या गिऱ्हाइकाने घोडा सोडून मोटार घेतली, गिऱ्हाईक टिकले. पुण्याच्या कारागिराचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. दुसरे कारण बोलायला जड जाते. कातडे कमावणारा ढोर, जोडा शिवणारा चांभार यांचा हात आपण विटाळाचा ठरवला. ज्याच्यापाशी विद्या आणि भांडवल होते त्याने आरी हाती धरली नाही. ज्याने आरी धरली त्याला विद्या आणि भांडवल मिळू दिले नाही. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकले आणि १९१४ साली स्वतः शिवलेला जोड जनरल स्मट्स यांना देऊन आले. एका वाण्याच्या मुलाने आरी धरली, याचा अर्थ आपल्या समाजाला पुरता कळला असे मला वाटत नाही.

त्या न कळण्याचे बिल आपल्याला जून २०२५ मध्ये मिळाले. १९१३ साली मिलानमध्ये कातडी सामानाचे दुकान म्हणून निघालेल्या प्राडाने कोल्हापुरी घाटाच्या चपला आपल्या प्रदर्शनात मांडल्या, कोल्हापूरचे नाव न घेता. या चपलेला २०१९ मध्येच महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले होते. ओरड झाल्यावर पेढीने उगम मान्य केला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. हे बरे झाले. पण ज्या घरांत बाईने वेणी गुंफायची आणि पुरुषाने तळ ठोकायचा, अशी पिढ्यान्पिढ्या कामाची वाटणी चालत आली, त्यांचे नाव आपण तरी कधी घेतले होते?

म्हणून घरी बसून पिशवी शिवणाऱ्या तरुण-तरुणींना माझे इतकेच सांगणे आहे. टाका तुम्हाला साधेल. त्याला दोन सुया, एक आरी आणि धीर पुरतो. विकत घेता येत नाही ते नाव, आणि त्याच्या मागे धावूही नये. मात्र शिवून बोटे दुखली की ज्यांची बोटे पोटासाठी रोज दुखत आली, त्यांच्या दारी जा. पहिला धडा त्यांच्याकडून घ्या, आणि त्याची दक्षिणा घासाघीस न करता द्या.